'दुपार'मधला माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

मैत्रीचा अल्बम आला म्हणे! पोरीच्या बापाला ही बातमी कळावी ज्योतीरामकडून, कंपनीच्या बसमध्ये. त्याच्या पोरानं त्याला मोबाइलवर काढून दिला होता. वर फोटो — अर्धं तोंड काळोखात, अर्धं दिसतंय. नाव 'दुपार'. गाणी आठ. "नागसेनभाऊ, पोरगी गाजायली की! आन् तुम्ही गप?" मी म्हटलं, हो, माहितीये. कसलं माहितीये! दिवाळीत भांडून गेली ती. ताथवड्याला मैत्रिणींबरोबर खोली घेतलीये, नोकरीही तिकडंच. आईला, करुणाला, फोन करते. मला नाही.

भांडण गाण्यावरूनच. मी म्हटलं होतं, हे गाणं नाही, रडगाणं आहे. घरात तुला काय कमी होतं? तर म्हणाली, "तुम्हाला काय माहितीये माझ्याबद्दल, पप्पा?" आणि बॅग उचलली.

पहिलं गाणं बसमध्येच ऐकलं. ज्योतीरामनं माझ्या मोबाइलवर लावून दिलं. आवाज इतका बारीक, की मोशीला ट्रकचे हॉर्न वाजले तर काही ऐकूच येईना. मी गायन पार्टीत कोरसला होतो. चौदा एप्रिलला माइक बंद पडला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जायचा आमचा. आणि ही माझी पोरगी! कुजबुजतेय.

घरी आलो, दार ठोठावलं. बेल अजून बंदच. करुणाला किती वेळा सांगितलं, वायरमन बोलाव. ऐकेल तर शपथ.

४ नोव्हेंबर

दुपार कसली, सगळा अंधारच आहे. एक ओळ डोक्यातून जात नाही — 'तू आलास की उजाडतं, मी पडदा ओढते.'

कोण आलास? हा 'तू' कोण?

५ नोव्हेंबर

माणूस आहे. नक्की आहे. दुसऱ्या गाण्यात तो सकाळी येतो आणि अंधार पडला की जातो. बोलत नाही, हसत नाही. येतो नि पडतो. म्हणजे लग्नाचाच असणार! रात्री स्वतःच्या बायकोकडं जात असेल. आणि माझी पोरगी दिवसभर त्याच्या उशाशी बसते, पडदे ओढून!

करुणाला विचारलं — तिच्या आयुष्यात कोणी आहे का? ती भाकरी थापत होती. वर बघितलं, परत खाली बघितलं. "कितवं गाणं झालं तुमचं?" म्हटलं, दोन. "मग ऐका अजून." हिला सगळं माहितीये. मायलेकी एक झाल्या की बापाला कोण विचारतं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसऱ्या गाण्यात सापडलं! 'तुझ्या हातांना भुशाचा वास, आणि माझ्याकडे तुझी पाठ.'

भुसा! आता कवी लोकांना वाटेल फुलाबिलांसारखं काही असेल. मला विचारा. हात ऑइलनं माखले की लाकडाचा भुसा आणि साबणाचा चुरा घेऊन खसाखसा घासायचे, तेव्हा निघतात. तो वास घरापर्यंत जातो. म्हणजे माणूस आमच्याच लाइनीतला. चाकणचा!

थांब म्हणावं आता. तिचं लग्न मी अडवणार नाही, कोणाशी का करेना. पण असा लपूनछपून येणारा, तोंडातून शब्द न काढणारा माणूस? पोरगी आतल्या आत झुरतेय, आणि जग म्हणतंय वा वा.

८ नोव्हेंबर

सुजित! मागच्या गल्लीतला. चाकणलाच प्रेस शॉपला आहे, पत्रे दाबायच्या खात्यात. मैत्रीचा माइक त्यानंच दुरुस्त करून दिला होता, दोनदा गाडीवर सोडायलाही आला होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सहा गाणी झाली. आता ही त्या घराबद्दल गाते. कसलं घर ते! 'दार वाजवू नका, नखानं खाजवा.' पुढच्यात — 'तुझ्यासाठी डाळसुद्धा मुकी शिजते.' डाळ मुकी कशी शिजेल? काहीतरी जुळवायचं म्हणून जुळवलंय. ज्योतीरामला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, आजकालच्या गाण्याला अर्थ नस्तोय, मूड ऱ्हातोय." मूड! माझी पोर असल्या भुताटकीच्या घरात बसलीये आणि ह्याला मूड सुचतोय.

आज झोप नीट लागली नाही.

१३ नोव्हेंबर

शेवटचं गाणं ऐकलं. त्यात फारसे शब्दच नाहीत. कोणीतरी झोपलेलं आहे आणि ती म्हणतेय — 'ऊठ ना. भांडायला तरी ऊठ.' हेच, परत परत. आवाज अजिबात चढवत नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

दारुडा आहे! सकाळी पिऊन येतो आणि आडवा होतो, दुसरं काय! बसमध्ये मला रडू आलं. ज्योतीरामनं बघू नये म्हणून खिडकीकडं तोंड केलं. ही पोर लहानपणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. शाळेतून आली की कोपऱ्यात बसायची, असं करुणा सांगायची. मी काही दिवसाची कधी बघितली नाही तिला, भट्टीची ड्युटी. तिच्या फीसाठीच तर कायमची थर्ड शिफ्ट मागून घेतली, नाइट अलाउन्स मिळतो. माझ्या लेकीला असं कोणी तिष्ठत ठेवतं, ह्याचा राग येतो, राग! रविवारी सुजितला गाठतोच.

१६ नोव्हेंबर, रविवार

शोभा झाली!

सुजित वडापावच्या गाडीपाशी होता. बाजूला घेतला आणि सरळ विचारलं — मैत्रीबरोबर तुझं काय आहे? आणि दारू कधीपासून पितोस? पोराच्या हातातला वडा हातातच राहिला. "काका, काय बोलताय राव! मी तिला ताई म्हणतो. आणि दारू? माळकरी हाय आमचं घर!" गळ्यातली माळ शर्टाबाहेर काढून दाखवली. मी म्हटलं, मग गाण्यातला तो भुशाच्या हातांचा कोण? सकाळी येतो, संध्याकाळी जातो तो?

त्यानं वडा कागदात ठेवला. "काका, मी ऐकलाय तो अल्बम. मी जनरल शिफ्टचा माणूस. ह्यो तर थर्ड शिफ्टवाला हाय, एवढं बी कळंना का तुमाला?" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "घरी जावा काका."

थर्ड शिफ्टवाला. बरोबर आहे, माझ्या लक्षात कसं आलं नाही! दारुडा नाही, तर झोपायला म्हणून येतो. पण मग शोधायचा कुठं? आमच्या एकट्या बसमध्ये तीस-पस्तीस जण आहेत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भट्टीचं अस्तर बदलायचं काम निघालंय. तीन दिवस खातं बंद. काल रात्री जायचं नव्हतं, रात्रभर झोपलो, तरी सवयीनं सकाळी पडद्याआड जाऊन आडवा झालो. झोप कुठली यायला! डोळे मिटून पडून राहिलो.

दारावर काहीतरी खाजवल्याचा आवाज आला. मांजर असेल असं वाटलं. करुणा पाय न वाजवता गेली, दार उघडलं. शेजारच्या कुसुमताई. "झोपलं व्हय?" — "हो. हळू." दोघी कुजबुजत बोलल्या. वाटी दिली, गेल्या. नखानं दार खाजवून आल्या होत्या त्या.

मी उठून बसलो. मग बाहेर आलो. करुणा पातेल्यात डाळ घोटत होती. मला बघून दचकलीच. "आवाज झाला का?" हे तिचं पहिलं वाक्य!

मी विचारलं, कुकर कुठाय? "माळ्यावर." का? रविवारी मी जागा असतो, तेव्हा आपल्याकडं मटण, ते पातेल्यात. बाकीच्या दिवशी मी ताट पुढं आलं की जेवतो. डाळ कशात शिजते हे मी कधी बघितलंच नव्हतं.

करुणानं गॅस बारीक केला आणि सांगितलं. मैत्री तिसरीत होती. दुपारी कुकर वाजला, मी जागा झालो, नंतर डोळ्याला डोळा लागला नाही. त्या रात्री भट्टीवर पेंग आली आणि हात भाजला. हा डावा, अजून डाग आहे. पोरीनं तो हात बघितला. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी गायब! कुठं लपवली ते आईलाही सांगितलं नाही. मग स्टुलावर चढून बेलची वायर काढली. म्हणून वायरमन येत नव्हता. कुसुमताईंना नखानं दार वाजवायला शिकवलं तेही तिनंच.

"आणि गाणं?" मी विचारलं.

"गाणं काय, म्हणायचीच की. पोटाशी उशी धरून, तोंड त्यात घालून. तुम्ही कूस बदलली की गप्प व्हायची."

मागची गल्ली धुंडाळली, बसमधली माणसं मोजली, सुजितला माळ बाहेर काढायला लावली! तो माणूस मीच. पंधरा वर्षं माझी पोर माझ्या उशाशी बसून होती आणि मी तिच्याकडं पाठ करून घोरत होतो.

करुणाला म्हटलं, तुला माहीत होतं तर आधीच का नाही बोललीस? तर म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का आठही?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

भर दुपारी मैत्रीला फोन लावला. उचलला. मी म्हटलं, कुकरची शिट्टी कुठं ठेवलीस गं?

तिकडून दार लोटल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, गाण्यातल्यासारखंच —

"पप्पा... तुम्ही जागे आहात?"