दहा इंच चाल आणि जुना टाय रॉड

मी, रहमतुल्ला शेख करीम, वय सदुसष्ट, धंदा वेल्डिंग व गाडीदुरुस्ती, राहणार बडनेरा रोड, अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत, पण त्यांचा डोक्याशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी दबाव आणला असता, तर मी हट्टाने लिहिलेच नसते, हे घरात सगळे जाणतात.

१. आमच्या शरियतप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्यापुरतेच देता येते, आणि तेही वारस सोडून इतरांना. बाकी घर, जागा, ठेव यांत पत्नी नसीमबानो, मुलगा शाकीब आणि मुलगी नाजिया यांचे हिस्से वरूनच ठरलेले आहेत. त्यात मी लुडबुड करत नाही. कूलरसमोरची खोली मात्र नसीमबानोकडेच असू द्यावी. ही विनंती आहे.

२. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल माझा कारागीर संघपाल याला द्यावे. बावीस वर्षे तो माझ्यासोबत आहे. त्याचा वेल्ड माझ्यापेक्षा सरळ येतो. हे मी त्याला कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

३. पाइप वाकवायचे मशीन माझे धंद्यातले मित्र केशवराव यांना. ते नऊ वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी घेऊन गेले आहेत, त्यामुळे पोहोचवण्याची तसदी पडणार नाही.

४. शेडमधली बगी, म्हणजे माळावर पळवायची उघडी गाडी, जिला आम्ही नाकतोडा म्हणतो, ती मोर्शीचे संत्रा बागाईतदार जानराव ठाकरे यांना द्यावी. याचे कारण लिहिणे भाग आहे.

पाइपची चौकट, मागे भंगारातल्या व्हॅनचे इंजिन, अशी ही गाडी जानराव आणि मी मिळून बनवली. मी बनवायची, त्याने चालवायची. पुढची चाके जेमतेम सहा इंच वरखाली होत. काळ्या मातीच्या ढेकळांत तेवढ्याने काय होते? जानरावची कंबर जायची. म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या माळावरच्या अशा गाड्यांच्या स्पर्धेआधी मी चाके धरणारे पुढचे आर्म चार इंचांनी लांब केले, उंच शॉकअप लावले. चाके वळवणारा टाय रॉड काढून ठेवून, जॅकने चाक वरखाली करून भिंतीवर खडूने खुणा केल्या. पूर्ण दहा इंच. त्या दिवशी मी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

पण आर्म लांबले, तर स्टिअरिंगचा टाय रॉडही तेवढाच लांबवायला हवा. मी घाईत जुनाच ठेवला, आणि तो पोहोचावा म्हणून चाकाकडे लोखंडी पट्टीचा तुकडा वेल्ड केला. उभ्या गाडीत चाके सरळ दिसत होती.

तिसऱ्या उडीला नाकतोडा आपणहून डावीकडे वळला आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आदळला. जानरावचे मनगट मोडले. मी धावत गेलो आणि चारशे माणसांसमोर काय बोललो, तर, "तुझा हात हलला."

तो म्हणाला, "हात नाई हलला रे मिस्त्री. चाक हललं."

मी मानले नाही. तो माझ्या शेडमध्ये पुन्हा आला नाही.

तीन महिन्यांनी मी स्टिअरिंग दोरीने बांधले आणि चाक जॅकवर चढवले. चढताना ते हळूच डावीकडे वळले. लांब आर्मचा फेरा मोठा, तोकड्या रॉडचा लहान, दोघांच्या ओढाताणीत चाक वळणारच. जानराव खरे बोलत होता. हे मला समजून पावणेअकरा वर्षे झाली आणि मी गप्प राहिलो. नसीमबानोसाठी तो दर बहाराला संत्र्यांचे क्रेट गेटवर ठेवून जातो, आत येत नाही. मी ती संत्री खातो. मला लाज वाटते.

चूक माझी होती. त्याचा हात हलला नव्हता.

५. कलम चार हे माझ्या दफनानंतर जानरावला वाचून दाखवावे, आधी नाही. तोंडावर सांगायची माझी छाती नाही, स्टेंट धरूनही.

६. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याचे नाव खोडीन, असे वकील आकांक्षाताईंनी बजावले आहे. म्हणून संघपाल, केशवराव आणि जानराव यांना बोलावलेले नाही.

स्थळ: अमरावती
दिनांक: १२ जानेवारी २०२५
सही: रहमतुल्ला शेख करीम

साक्षीदार १: विपुल सरोदे, शेजारचे औषध दुकानदार

ता. क., १७ जानेवारी: दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत कागद घरी ठेवला होता. नसीमबानोने कलम चार जानरावला फोनवर वाचून दाखवले. मेल्यावर माफी मागणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला, असे ती मला म्हणाली. तासाभरात मोर्शीहून त्याची मोटरसायकल आली. तो गेटवर न थांबता आत आला. कागद मागितला, वकीलबाईंना फोन लावला आणि पेन घेतला. पुढचे त्याच्या हातचे आहे.

साक्षीदार २: जानराव ठाकरे, मोर्शी. वकीलबाई म्हणते का सही केली तं गाडी जाते. जाऊ दे. तू गेल्यावर मी ते गाडी घेऊन काय करू? टाय रॉड लांब कर. रविवारी सकाळी येतो. चालवीन मीच, तू बाजूले बस.