इलाने पेरलेलं पीठ

२४ जानेवारी, रेडमंड, अमेरिका

जपानहून खोकं आलं. इलाचं. सुहासिनीने सही करून घेतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तुम्हीच उघडा," एवढंच म्हणाली.

आत लेकीचा एप्रन, रुंद पात्याची सुरी आणि दोन किलो करडं पीठ. ती ज्यांच्याकडे सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, करायला शिकत होती त्या नागानोच्या आजींची चिठ्ठी – नातीने इंग्रजीत लिहून दिलेली. 'हा कुट्टू इलाने पेरला होता. आमच्या डोंगरात थंडीमुळे दुसरं फारसं पिकत नाही. पीठ ताजं आहे तोवर खा.'

२५ जानेवारी

दिवसभर पाऊस. खोकं टेबलावरच.

२७ जानेवारी

तीन वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून ती म्हणाली, जॉब सोडला. "बाबा, आय वॉन्ट टू लर्न धिस प्रॉपरली."

मी म्हणालो, "शेवया करायला एवढी शिकलीस? जा. पण मग या घरात येऊ नकोस."

हेच शब्द. किती आठवून पाहिलं, बदलत नाहीत.

तिचा फोन आला की मी तिच्या आईकडे, सुहासिनीकडे द्यायचो. डिसेंबरात तिची गाडी बर्फावरून घसरली. अस्थी आणायला सुहासिनी एकटी गेली. मी पाठदुखी सांगितली. पाठ दुखत नव्हती.

३० जानेवारी

आज अर्धं पीठ भिजवलं, कणकेसारखं. लाटलं, तिच्या सुरीने कापलं. उकळत्या पाण्यात पडताच तुकडे तुकडे. सगळं सिंकमध्ये ओतलं. तिचं एक वर्षाचं शेत, आणि मी ते ओतून दिलं.

सुहासिनी दारात उभी होती. मग आत गेली.

१ फेब्रुवारी

जेवलो नाही. कशासाठी जेवायचं?

३ फेब्रुवारी

चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. नात दोन्हीकडचं सांगत होती. आजी म्हणाल्या, पाणी एकदम घालू नका, तीनदा घाला, बोटांच्या टोकांनी कालवा. इलाही आधी घाई करायची.

मी विचारलं, ती माझ्याबद्दल कधी काही बोलली?

बराच वेळ दोघी आपसात बोलल्या. मग नात म्हणाली, "आजी म्हणते, तुम्ही इलाचा सोबा खाल्लाय. तिने सांगितलं होतं."

नातीला इंग्रजी नीट येत नसावं.

४ फेब्रुवारी

सुहासिनीला विचारलं. ओटा पुसता पुसता, मागे न वळता म्हणाली, "मागच्या जूनमध्ये आली होती. तीन दिवस, मैत्रिणीकडे राहिली. तुम्ही येऊ नकोस म्हणाला होतात ना. सोबा करून माझ्याजवळ दिला. मी तुम्हाला सांगितलं, दुकानातून आणलाय."

"मी काय म्हणालो?"

"अजून वाढ म्हणालात. तिला फोनवर तेवढं सांगितलं. रडली."

मला ते जेवण आठवत नाही.