गप्पीला काय मानवेल

३ ऑक्टोबर १९८७, शनिवार
घोलवडहून नर्गिशचं पत्र. सिस्टर बर्नाडेट जानेवारीत आयर्लंडला परत जाणार, कायमच्या. वय चौऱ्याऐंशी. १२ डिसेंबरला वर्गातल्या आम्ही सगळ्यांनी पाचगणीला शाळेत जमायचं, चार दिवस. नर्गिश मोटार घेऊन येणार, आदल्या दिवशी मला कॉलनीतून उचलणार.
मी जाणार. शाईने लिहिते, म्हणजे बदलता येणार नाही. आई गेली त्या वर्षी सिस्टर मला रोज सकाळी वेणी घालून देत. बोटं जाड, वेणी सैल. दुपारपर्यंत सुटायची. तरी दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यायची नाही मी.
१९७४ च्या मेळाव्याला सासूबाई आजारी होत्या. १९८१ ला मुलीची बारावी. आता सासूबाई नाहीत, मुलगी सासरी. अडचण एकच. शेजारचे साळवी बदली होऊन कोट्याला गेले तेव्हा त्यांचा फिशटँक आणि दोन गोल्डफिश माझ्याकडे ठेवून गेले. 'महिनाभर सांभाळा' म्हणाले होते, त्याला दीड वर्ष झालं. आम्हीसुद्धा तारापूरला दोनच वर्षांसाठी आलो होतो. त्याला अठरा झाली.

५ ऑक्टोबर, सोमवार
लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक आणलं. वनस्पती आणि मासे एकमेकांना मानवणारे निवडले की टँक आपला आपण चालतो. माशांची घाण वनस्पतीला खत, वनस्पतीचा प्राणवायू माशांना. अशी जोडी एकदा जमली की मी सुटले. दहा आठवडे हातात आहेत. त्यात माणसांची लग्नं जमतात.
वहीत रीतसर पत्रिका मांडल्या. व्हॅलिस्नेरिया, म्हणजे रिबिनीसारखी लांब पानं. देवगण. गोल्डफिशशी एकोणतीस गुण. बोईसरला जाऊन सहा रोपं आणली.

११ ऑक्टोबर, रविवार
गोल्डफिश राक्षसगण निघाले. सहाही रोपं बुडख्यापर्यंत साफ. हे म्हणाले, मेथी आपल्यालाच मिळेना आणि तू माशांना भाजी घालतेस.
बायडी कोळीण दांडीहून बोंबील घेऊन आली होती. पाटी उतरवून बराच वेळ टँककडे बघत बसली. म्हणाली, वैनी, ह्ये खायाला नाय, इकायला नाय, मंग ठेवलेत कशाला? तिला बॅलन्स्ड टँक समजावून सांगितला. ती म्हणाली, आमच्या दर्यात कोन घालतो पाला?
दर्याची गोष्ट वेगळी.

१८ ऑक्टोबर, रविवार
गोल्डफिश क्लबच्या हौदात सोडले. डोळे भरून आले. साळव्यांना पत्र लिहायचं आहे. त्यांच्या जागी मॉली जातीच्या चार काळ्या मासोळ्या आणल्या, नवी रोपंही. पुस्तकात लिहिलंय, मॉलीला थोडं मीठ मानवतं. थोडं म्हणजे किती ते गॅलनच्या हिशेबात दिलंय. शाळेत गॅलन माझे पाठ होते.

८ नोव्हेंबर, रविवार
मॉली मजेत. रोपांचा चिखल झाला. पाणी चाखून पाहिलं. कैरीचं लोणचं मुरेल. ब्रिटिश गॅलन आणि अमेरिकन गॅलन वेगळे असतात, हे पुस्तकाने आधी सांगायला हवं होतं.
मॉली क्लबच्या हौदात.
नर्गिशचं कार्ड. फक्त हो म्हण, चिकू मी आणते. मी अजून काहीच कळवलेलं नाही. आधी टँक.

२२ नोव्हेंबर, रविवार
जमलं. कॉलनीच्या बागेतला माळी जिवल्या मासवण गावचा. त्याने नदीतलं शेवाळ आणून दिलं, भरपूर. म्हणाला, आमच्याकडं गाडीभर हाय बाई, फुकट. पुस्तकात पाहिलं तर हायड्रिला. त्यात सहा गप्पी सोडल्या. पाणी काचेसारखं. छत्तीस गुण.
जेवताना यांना म्हटलं, मी चार दिवस गेले तर तुमचं कसं होईल? हे म्हणाले, कँटीन आहे, तू जा. पुन्हा विचारलं. पुन्हा जा म्हणाले. वरवर म्हणाले असतील, पण चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार
चाचणी घेतली. चार दिवस टँकमध्ये काही घातलं नाही, हातही लावला नाही. समोर खुर्ची टाकून पेपरआडून लक्ष ठेवलं. सगळे मासे ठणठणीत. उलट गुबगुबीत. पण मी समोर बसले होते. ती खरी चाचणी म्हणता येणार नाही.

५ डिसेंबर, शनिवार
सूटकेस भरली. निळी साडी, सिस्टरसाठी विणलेले मोजे. मग सहज टँककडे पाहिलं तर मोठ्या गप्पीचं पोट टम्म. दिवस भरलेत. पुस्तक म्हणतं, आईबाप पिल्लं खातात, जन्मताच वेगळी करावी लागतात.
हे म्हणाले, मी करतो वेगळी, चहाच्या गाळण्याने. यांना घरातलं गाळणं कुठे असतं तेही माहीत नाही. बायडी म्हणाली, वैनी, मासलीला सुईन लागत नाय, तुमी जावा.
सगळे मला घालवायलाच निघालेत.

११ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी ११
नर्गिश आली. चिकूची पेटी, डोक्याला स्कार्फ, शाळेत होती तशीच. बाहेर तिचा ड्रायव्हर बन्सी हॉर्न वाजवत होता. माझी सूटकेस दारातच होती. तिला गप्पी दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, डिकरी, यातलं आजारी कोण आहे?
म्हटलं, मोजे तेवढे दे सिस्टरना. ती अर्धा तास थांबली. मग गेली. कॉलनीच्या गेटपर्यंत मोटार दिसत होती.
कर्तव्य म्हणून काही असतं.

१३ डिसेंबर, रविवार
दुपारी जरा डोळा लागला तेवढ्यात गप्पी मोकळी झाली. बावीस पिल्लं. सगळी हायड्रिलात लपून बसली होती, आईला एकही सापडलं नाही. गाळणं हातात घेऊन मी नुसती उभी.
जोडी मी निवडलेली. तिथे काही चुकलं नव्हतं.

२३ डिसेंबर, बुधवार
नर्गिशचं पत्र. सिस्टरनी सगळ्यांत आधी माझीच चौकशी केली. नर्गिशने माशांचं सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, सहावीत महाबळेश्वरच्या ट्रिपची बस सुटत होती आणि ही रेशमाच्या किड्यांचं खोकं धरून बसली, येईना. तेव्हा मीही तिच्याबरोबर मागे राहिले. या वेळी मला राहता येत नाही, असं तिला सांग.
मोजे त्यांनी लगेच घातले. जरा सैल होतात म्हणे.
नर्गिशला उलट टपाली उत्तर लिहिलं. रेशमाच्या किड्यांना तुतीची पानं दिवसातून चार वेळा लागतात. कुणीतरी थांबायलाच हवं होतं.