भगुल्यावरचं नाव

६ डिसेंबर
सायले, आधी तारीख घाल. मागल्या वहीत घातली न्हाईस, आन आता वाचताना तुलाच कळंना म्हस आधी व्याली का तुझी परीक्षा आधी झाली. मला लिवता येत न्हाई, तुला आठवत न्हाई. मी फोनवर सांगते, तू तिकडं माधवनगरात बसून लिव. दोघींची मिळून एक वही हुईल.
तुझ्या आजोबांचं नाव मी घेणार न्हाई. फौजी म्हण. हात दुखला तर नुसतं फौ.

७ डिसेंबर
साताऱ्याचा पेपरवाला आला. एकाहत्तरच्या लढाईवर पान काढायचंय म्हणं. फौ. नं त्याला तेच सांगितलं, जे मी लग्नापासनं ऐकत आले. पहाटं सरपटत दुश्मनाच्या चौकीवर गेले, तर चौकीत कोण न्हाई. चुलीवर भगुलं, भगुल्यात मसुराची डाळ, वाफ निघत होती. दोन दिस नुसत्या बिस्किटावर काढलेले. बसून खाल्ली. खरी लढाई झाली ती पुढं, दुसऱ्या जागी. पेपरवाला भराभरा लिहीत होता, डाळीपाशी पेन थांबला.
"आजोबा, हत्यारं किती सापडली?"
"पळी होती एक."

१० डिसेंबर
पेपर आला. तूच वाचून दाखवलास. चौकीवर घनघोर लढाई, हत्यारांचा मोठा साठा हस्तगत. हस्तगत म्हंजे काय ते इचारलं. हातात आलं, म्हणालीस. मग पळी आली की. फोटो झ्याक आलाय, फेटा माझ्या हातचा.
फौ. हसले न्हाईत. भाकरी अर्धी ठेवली. शनवारी शाळेत सत्कार ठरलाय, ह्याच बातमीवर. "न केलेल्या लढाईची शाल कशी घिऊ," म्हणत्यात.

११ डिसेंबर
तू फोनात पाकिस्तानचा इंग्रजी पेपर हुडकलास. त्यात तीच चौकी. त्यांची माणसं शेवटपर्यंत लढली, मग हुकूम आला म्हणून मागं गेली, दुश्मनाला खिळासुदीक ठेवला न्हाई. त्यांच्यातबी एका म्हाताऱ्याचा फोटो. रहमत, पलटणीचा लांगरी, म्हंजे आचारी.
आमच्यात हत्यारांचा ढीग, त्यांच्यात खिळा न्हाई. लढाई मात्र दोन्हीकडं घनघोर. फौ. एवढंच म्हणाले, "मग डाळ कुणी शिजवली?"

१२ डिसेंबर
तू आलीस. फौ. नं फडताळातनं भगुलं काढलं, तेच, चौकीवरनं आणलेलं. लग्नानंतर मीच म्हटलं होतं, बिननावाचं भांडं लग्नघरातनं परत येत न्हाई, औंधच्या बाजारात नाव घालून आणा. आणलं. वर आधीचीच वेलबुट्टी होती, खाली माझं नाव. पन्नास वर्षं लोकांच्या मांडवात बोटानं चाचपून "हे माझं" म्हणत उचलत आले.
तू वाचलंस आन हसत खालीच बसलीस. "आज्जी, तुझं नाव न्हाईच. 'यांजकडून सप्रेम भेट' एवढंच हाय."
वेलबुट्टीचा फोटो तुझ्या मैत्रिणीच्या वडलांना धाडलास, ते उर्दू शाळेत मास्तर. वेल न्हवती, उर्दू होती. रहमत लांगरी.
मी म्हटलं, आवं, माझं नाव कुठं गेलं?
"नाव घालणाऱ्यानं इचारलं काय लिवू. भांड्यावर असतंय ते मालकाचंच नाव. म्हटलं, वर जो कोण हाय त्याच्याकडनं सप्रेम भेट. जेवाय घातलं त्यानं."
"आन मला पन्नास वर्षं येडी केली?"
"तू वाचाय कवा सांगितलंस?"
दोन दिस बोलायचं न्हाई असं ठरवलं. चहा मागितला तवा मोडलं.

१३ डिसेंबर
सत्कार. फौ. भगुलं काखेत घेऊनच गेले. सरपंचांनी शाल उघडली, तर हात आडवा केला. आधी ऐका, म्हणाले. "चौकीत कोण न्हवतं. डाळ होती. चांगली होती, मीठ जरा कमी. हे भगुलं मी जिकलेलं न्हाई."
आधी पोरं हसली, मग मास्तर, मग सरपंच. शाल शेवटी घातलीच, म्हणाले थंडीची असू दे. पेपरवाल्यानं वही मिटली हुती, भगुल्याचा फोटो मात्र घेतला. छापणार का इचारलं, तर बघू म्हणाला.

१५ डिसेंबर
तू म्हणतीस, भगुल्याचा फोटो त्या पाकिस्तानच्या पेपराला धाडू, रहमतपतोर जाईल. फौ. न्हाई म्हणत्यात. "तो तिथं सांगून बसलाय खिळा ठेवला न्हाई. नातवंडांत बसला असंल. आन मी त्याचं भगुलं दाखवू?"
मी म्हटलं, त्याच्या बायकोनं इचारलं असंल भगुलं कुठं हरवलं. हयात असंल तर अजून इचारत असंल.
त्यावर म्हणाले, उद्या सांगतो.

१८ डिसेंबर
पेपरात काय आलं न्हाई. फौ. चं अजून उद्याच. सकाळी व्हय म्हणत्यात, जेवण झालं की न्हाई. मी मधी बोलत न्हाई, डाळ निवडत बसते.
सायले, रविवारच्या एसटीनं भडंग पाठव, लसूण सढळ. इचार करताना ह्यांना तोंडात काय तरी लागतंय, आन तीन दिसांत माझ्या शेंगा संपल्या. एक किलोनं भागणार न्हाई.