शनिवारच्या खोलीचा उंबरठा

गुरुजी, आज मूर्तिजापूरहून अकोल्याला परतताना गाडीत खिडकी मिळाली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तिथलं आपलं कविता मंडळ अजून आहे, शाळेमागच्या त्याच खोलीत, दर शनिवारी. शेजारचं कापसातून सरकी काढायचं जिनिंग मात्र कधीच बंद पडलं. "त्या मशिनीच्या वरून आवाज गेला पायजे, नाई तं कविता पोटातच ठेव," तुम्ही म्हणायचे. डोळे मिटले की मी दारात उभा आहे, सरकीचा वास येतोय, नाकात कापसाचे तंतू जातायत आणि तुम्ही खुर्चीतून 'आणखी मोठ्यानं' अशी हातानं खूण करताय. आत यायचं तर उंबरठ्यावर एक कविता तोंडपाठ म्हणायची, ही तुमची रीत. मंडळाचा उद्देशही तेवढाच, कविता पाठ करणे आणि मोठ्यानं म्हणणे. तपासणीला आलेल्या साहेबांनाही तुम्ही सोडलं नाही. बिचारे घामाघूम झाले, शेवटी बालवाडीतली चिऊची कविता म्हणून आत आले.

आता मंडळाला नवे सचिव मिळालेत. अमरावतीत शिकवणी वर्ग चालवतात, बोलणं लोण्यासारखं. त्यांना मंडळाचा उद्देश बदलून 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' असा करायचाय. गुरुजी, या शब्दांचा मला संशय येतो. त्यात स्पर्धा परीक्षा मावते, इंग्रजी संभाषण मावतं, योगासनं मावतात, उद्या यांचा शिकवणी वर्गही मावेल. मग कविता कुठे बसणार? मी तसं म्हणालो तर हसले. "काका, तुमच्या गुरुजींनी टेलरमास्तरच्या पोरीले उर्दू कविता म्हणू देली होती नं? तवा उद्देश रुंद केला, तं आता काहून नाई?"

ही आठवण मीच त्यांना कौतुकानं सांगितली होती, आणि त्यांनी ती जपून ठेवली, बघा. ती मुलगी ओढणीचं टोक मुठीत धरून उंबरठ्यावर उभी आहे. मागून कुणीतरी कुरकुरतं, "हे मराठीचं मंडळ हाय." तुम्ही मान न वळवता म्हणता, "तोंडपाठ हाय नं तिले? मंग येऊ द्या." पण त्याच हिवाळ्यात एक शेठ नवी खोली बांधून द्यायला तयार होते, फक्त मंडळात लेझीम घ्या म्हणत होते. त्यांना तुम्ही चहा पाजला आणि हात जोडले. "लेझीम चांगलंच हाय शेठ. पण थे दुसऱ्या खोलीत." तेव्हा मला तो तुमचा हट्ट वाटला होता.

आज बैठक होती. ठराव मांडण्याआधी मी सचिवांना दारातच अडवलं. "आधी एक कविता म्हणा." "पयले तुमी, काका." मी ऐटीत उभा राहिलो आणि पहिल्या दिवशी तुमच्यापुढे म्हटलेलीच कविता घेतली. दोन कडवी छान गेली. तिसऱ्याला काहीच नाही. जिनिंगही नाही, की त्याच्या आवाजाआड लपावं. तेवढ्यात सचिवांनी हळूच ओळ दिली, आणि मग पुढची सगळी कविता त्यांनीच डोळे मिटून, खणखणीत म्हटली. टाळ्या पडल्या. आणि मी काय विचार करतोय? ही आवडती कविता मी गावभर सांगत फिरतो. मला गुंडाळायला यांनी काल रात्री पाठ केली असेल का? तुम्ही असता तर फक्त तोंडपाठ आहे का ते बघितलं असतं, कशासाठी केली ते विचारलं नसतं. मी दारातून बाजूला झालो. ठराव वाचून झाल्यावर मी एवढंच म्हणालो, "वर्ग बाकीच्या कुठल्याही दिवशी घ्या, शनिवारी या खोलीत फक्त कविता." "विचार करू, काका," ते म्हणाले, फार गोड. निर्णय पुढच्या शनिवारवर गेला. त्या गोडव्याचाही मला संशय आहेच.

हे पत्र घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवतो, टाकायचं कुठे? तिसऱ्या कडव्याला घसा कोरडा पडला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. घसा ठीक होता. हल्ली ओळी आठवणीतून जातात, गुरुजी, एकेक करून. शनिवार राहिला नाही, तर मला कविता म्हणा असं म्हणणारं कुणी उरणार नाही, आणि मग उरलेल्याही जातील. तुमच्या उद्देशासाठी भांडतो असं मी म्हणतो खरा. त्यात हेही आहे.