पाहुण्यांच्या गाडीचं गॅस्केट

चांदवड, गुरुवार

आधी धूर आला. मग गाडी आली, आणि धूर जरा बाजूला सरला तेव्हा त्यातून पाहुणे उतरले. गेल्या रविवारची गोष्ट. आमच्या निवृत्तीच्या स्नेहलला बघायला नाशिक रोडची मंडळी यायची होती, ती ही अशी आली. पण थांब भागू, धाकटी बहीण असलीस म्हणून काय झालं, खुशाली आधी विचारायला पाहिजे. गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? अक्काचे आशीर्वाद घे, लेकरांनाही वाटून दे. (फोन केला असता, पण आमच्या घरात फोन चौघं ऐकतात, आणि मला दोन गोष्टी तुझ्या एकटीच्या कानात घालायच्यात. त्या शेवटी.)

तर पाहुणे तिघं. मुलगा महेश, वडील रंगनाथराव, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, आणि आई लताबाई. स्थळ लय चांगलं, माझं मन पहिल्या दिवसापासून बसलंय. फक्त एक गोष्ट आम्ही सांगितली नव्हती. स्नेहल बापाच्या गॅरेजात इंजिनं उघडते हे कळलं की लोक बिचकतात (मागची दोन स्थळं तशीच गेली), म्हणून बायोडाट्यात मी "ऑफिसचं काम" असं लिहायला लावलं. नखातलं काळं लिंबानं जाईना, तर शनिवारी बोटं मेंदीत बुडवली. पोरगी म्हणते, "आजी, हे गंजलेल्या पत्र्याला रंग मारण्यासारखं झालं." मी म्हणलं, गप बस आणि गजरा माळ.

पोहे झाले, नाव विचारून झालं (माहीत असतं तरी विचारतात). तेवढ्यात रंगनाथराव उठले. "गाडी पिंपळगावपासून तापतेय, पाणी घालून येतो. महिनाभर जरा जास्तच पाणी पिते, बाकी काही नाही." आणि रुमाल धरून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. स्नेहल ओट्यावर, खाली मान घालून पाटावर बसलेली. तिथून जी उठली! "काका, हात काढा! उकळतं पाणी तोंडावर येईल!" ओट्यावरून उडी, पदर खोचला, आणि रंगनाथरावांचं मनगट धरून मागे ओढलं. सासऱ्याचं मनगट, भागू! अजून सासरा झालेला नव्हता, तरी.

मग ती थांबते कशाची. ऑइलचं झाकण फडक्यानं काढून दाखवलं. आत पांढरा फेस, ताक घुसळताना रवीला लागतो तसा. म्हणाली, पाणी ऑइलात गेलंय, हेड गॅस्केट खराब झालं. लताबाईंना तिनं समजावलं ते मलाही समजलं, म्हणून लिहिते. इंजिनाचं खालचं धड आणि वरचं डोकं, ह्यांच्या मध्ये एक पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो, कुकरच्या रिंगेसारखा. पण रिंगेला नुसती वाफ अडवायची. ह्याला पाणी, ऑइल आणि जाळ, तिघांना एका घरात ठेवून एकमेकांत मिसळू द्यायचं नाय. (मी तीन जावांत नांदले, मला लगेच समजलं.) गाडी तापू देत राहिलं की तो पत्रा भाजतो, पाणी जाळात शिरतं, आणि मागून पांढरा धूर निघतो.

रंगनाथराव मनगट चोळत म्हणाले, "मुलगी ऑफिसात आहे ना?" मी म्हणलं, "ऑफिसच आहे, फक्त त्याला शटर आहे." कोणी हसलं नाय. महेश हसला, आणि खोकल्यासारखं केलं.

त्यांना गाडी तशीच हळूहळू घरी न्यायची होती. स्नेहल म्हणाली, "नेली तर हेड आणखी वाकेल. मी हलू देणार नाही." महेश म्हणाला, "बाबा, मीही महिनाभर हेच सांगतोय. फक्त मी तुमचा हात धरला नव्हता." मंडळी एसटीनं गेली. जाताना रंगनाथराव एवढंच बोलले, "पुढच्या रविवारी गाडी न्यायला येऊ, तेव्हा बघू." ह्या "बघू"पायी चार दिवस माझी झोप गेली (दुपारची).

सोमवारी गाडी ढकलत गॅरेजात नेली. हेड काढून त्यावर पट्टी ठेवून बघितली, केसाएवढं वाकलं होतं, ते नाशिकहून घासून सपाट करून आणलं. नवं गॅस्केट घातलं. बोल्ट आवळताना मी मुद्दाम बघत बसले. मधल्यापासून सुरू करून कडेकडेला, थोडं थोडं, तीन फेऱ्यांत. भाकरी थापतो तसं, एकाच बाजूनं जोर दिला की बिघडलं. महेशचा रोज फोन येतो, गॅस्केटची चौकशी करतो. अर्धा तास. एवढ्याशा पत्र्यावर अर्धा तास काय बोलतात कोण जाणे, मी आपली लसूण सोलत बसते.

तुझ्या नातवालाही सांग, सकाळी इंजिन गार असताना कूलंट बघायचं, आणि काटा वर चढला की गाडी बाजूला घेऊन गप उभं राहायचं.

तुझी,
कुसाअक्का

ता. क. पहिली कानातली गोष्ट. पाहुणे गेले, गाडी निवली, तेव्हा मी रेडिएटरात मूठभर हळद टाकली. आमचे हे ट्रॅक्टरची गळती तशीच थांबवायचे. गॅस्केटला तिचा उपयोग नाय, उलट नळ्या तुंबतात. पिवळं पाणी निघालं तेव्हा स्नेहल लय बोलली, अर्धा दिवस धूत होती. पाहुण्यांना माहीत नाय. पण नवरदेवाआधी त्याच्या गाडीला हळद लागली, हे मला बरं वाटलं.

ता. क. दुसरी. स्नेहलनं पदर खोचला म्हणून वर लिहिलं, ती तुझी मोरपंखी साडी होती. ऑइल जात नाय. आता दुसरी ती जांभळी, काठाची, ती पाठव. हे पत्र शेजारचा सोमनाथ घेऊन येतोय, त्याच्याच हाती दे. शनिवारपर्यंत पाहिजे.

ता. क. शेवटची. पत्र दुमडत होते, तेवढ्यात लताबाईंचा फोन आला. मागून रंगनाथराव ओरडत होते, "सांग त्यांना, मनगट अजून दुखतंय, गाडी चालवायला आता मुलगीच लागेल!" मामा-आत्यांसकट दहा माणसं सुपारी फोडायला येतायत. रविवारी, सकाळी दहाला.