हद्द पुलाच्या मधोमध

मंगळवार, ८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. कानातलं नवं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते काढून डब्यात ठेवून दिलंत, हे वाचून दाखवलं तर आईंना हसता हसता ठसका लागला. म्हणाल्या, "माझी लेक आधीही कोणाचं ऐकत नव्हतीच, आता तिला निमित्त मिळालं." त्या बोलल्या तस्संच लिहिलंय, माझ्यावर रागावू नका.

इकडे सगळं ठीक. जिना चढताना आईंचा गुडघा कुरकुरतो आणि उतरताना आईच कुरकुरतात. भूक चांगली आहे. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर शेरे मारतात. एक लाल गाडीवाला कोपऱ्यावर आला की हॉर्नवरचा हात काढतच नाही, त्याचं नाव त्यांनी 'बोंबल्या' ठेवलंय. दोन दिवस तो दिसला नाही तर काळजीही त्यांनाच.

तुम्ही विचारलंय, "भाऊ चार ओळी खरडत नाही, मी त्याचं काय घोडं मारलंय?" काही नाही हो मारलं. कामात असतो. ऑफिस पलीकडच्या गावात, मध्ये नदी आणि नदीवर हा एकच पूल. मागे तुम्ही आला होतात तेव्हा आपण तिघी गप्पा मारत पुलावरून चालत गेलो होतो. आता तिथे चालायचं म्हणजे गाड्यांच्या मधून अंग चोरून सरकायचं.

हे असं कसं झालं म्हणाल तर ते माझ्याच खात्यातलं आहे. कोणाला जमिनीवर काही उभारायचं असेल तर परवानगीआधी ते प्रकरण नगरपालिकेत माझ्या टेबलावर येतं. इथे इमारती झाल्या तर रस्त्यांचं काय होईल, ते मी सांगायचं. आमच्या गावाने काठावरच्या वीटभट्ट्या आणि बागा उठवून घरंच घरं बांधू दिली. पलीकडच्या गावाने शेतं मोडून ऑफिसं आणि गोदामं आणली. म्हणजे झोपायचं या काठाला आणि राबायचं त्या काठाला. आणि गंमत अशी की दोन्हीकडच्या अहवालांत कुठेही कोंडी नाही! कारण आमचा अभ्यास आमच्या हद्दीपुरता, आणि हद्द पुलाच्या बरोबर मधोमध. माझ्या नकाशावर गाडी तिथवर गेली की संपली, 'बाहेर गेली' म्हणून सोडून द्यायची. पलीकडेही माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असणार. त्याच्या नकाशावर त्याच गाड्या पुलाच्या मध्यावर अचानक उगवत असतील, जशा काही नदीतून पोहून वर आल्या.

मी साहेबांना म्हटलं होतं, दोन्ही काठ एकत्र धरून बघू या. तर साहेब म्हणाले, "बाई, आपल्या घरातलं बघा. शेजाऱ्याच्या चुलीत कशाला डोकावता?" आता गाड्या साहेबांच्या फाटकापर्यंत आल्यावर अख्ख्या परिसराचा एकत्र अभ्यास करायचं ठरलंय, आणि तो माझ्याच गळ्यात पडलाय. गावोगाव फिरून चपला झिजल्या.

बघा, विचारलंत भावाबद्दल आणि मी पुलाचं पुराण लावलं. तो बरा आहे. तब्येत सुधारलीय त्याची, थोडा भरलाय. तुमची आठवण काढतो.

यंत्र डब्यातून काढा. आईंचा आशीर्वाद.

तुमची भावजय

*

रविवार, २० ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुमचं कार्ड आलं. एकच ओळ. "तब्येत सुधारलीय, म्हणजे खातोय कोणाच्या हातचं?" धन्य आहात. कान गेले, पण नाक शाबूत आहे.

मग ऐकाच. हे फोनवर तुम्हाला ऐकू येण्याइतकं ओरडून सांगितलं असतं तर आधी अख्ख्या इमारतीला कळलं असतं.

तुमचा भाऊ घरी राहत नाही. उन्हाळा लागला तेव्हापासून नाही.

आमचं भांडण झालं नाही हो. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान दोन भांडी आपटून मोकळी झाले असते. झालं ते असं. ऑफिसात माझ्यासमोरच्या पडद्यावर पूल दिसतो. काम संपलं की तो फोन करायचा, "निघू का?" मी पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "आत्ता नको. थांब जरा. मी सांगते." आणि तो बिचारा थांबायचा. मला काय कौतुक वाटायचं स्वतःचं! बाकीच्यांचे नवरे पुलावर सडतायत आणि मी माझ्याला मोकळ्या रस्त्याने घरी आणतेय. लग्न जुनं झालं की नवरा-बायको फोनवर काय बोलतात? आम्ही हे बोलायचो. मला त्यातच सगळं प्रेम दिसायचं.

पण थांबलेला माणूस नुसता थांबत नाही ना, ताई. कुठेतरी बसतो, चहा घेतो, कोणाशीतरी बोलतो. त्यांच्याकडे हिशेब विभागात एक बाई आहे. तीही पूल मोकळा व्हायची वाट बघत बसायची. तिला तर घरी वाट बघणारंही कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी मीच त्या दोघांना एका टेबलावर बसवत होते आणि मला पडद्यावर फक्त गाड्या दिसत होत्या.

पुढे त्याने तिकडे खोली घेतली, रोजची दगदग नको म्हणून. शहाणपणाचंच होतं, मीही मान डोलावली. शनिवारी यायचा. मग एखादा शनिवार चुकायला लागला. आणि एका शनिवारी आला, चहा घेतला आणि स्वतःची कपबशी विसळून पालथी घातली. इतक्या वर्षांत या माणसाने कधी कपबशी उचलली नव्हती! तो पाहुण्यासारखा वागतोय हे मला तिथेच कळलं. बाकीचं त्याने नंतर सांगितलं. रडलाही. मीच त्याला टॉवेल दिला. मूर्खासारखी!

राग? आहे तर. त्याच्या चपलांचा एक जोड मी गॅलरीतून खाली भिरकावला. तो नेमका बोंबल्याच्या टपावर पडला आणि मलाच खाली जाऊन माफी मागावी लागली. राग येतो, मग तो येतो तसाच जातो, आणि मागे उरतं ते फार वाईट असतं. पलंगाच्या त्याच्या बाजूचा दिवा मी अजून पुसते.

मागच्या आठवड्यात त्या एकत्र अभ्यासासाठी आम्ही घरोघरी विचारत फिरत होतो, या घरातून कितीजण पलीकडे कामाला जातात. आमची इमारत माझ्याच वाट्याला आली. आमच्या दाराशी पोचले आणि उत्तर द्यायलाही मीच. एकही नाही. गावातल्या सगळ्या घरांनी आमच्यासारखं केलं तर कोंडी उद्या सुटेल. साहेबांना सांगायला हवं.

आता जे खरं लिहायचं होतं ते. आईंना यातलं काहीही माहीत नाही. त्यांना मी सांगितलंय की पुलामुळे त्याला तिकडेच राहावं लागतं. त्या रोज पुलाला शिव्या घालतात, साहेबांना घालतात, कधी कधी मलाही. आणि आता तुमच्या भावाने तिकडे तळमजल्यावर घर घेतलंय. म्हणतो, आईला जिना झेपत नाही, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला घेऊन जातो. जिन्याचं त्याचं बरोबर आहे. त्याची आई आहे, तेही बरोबर आहे.

पण ताई, मला आई हव्यात. हे सरळच लिहिते, लाजत नाही. त्याला जाऊ दे, तो गेलाच आहे. पण घरात तीनच माणसं आम्ही. मी दारात चावी घातली की त्या आतून ओरडतात, "आलीस का गं? आधी पाणी पी." मला पाणी पी म्हणणारं या जगात दुसरं कोण आहे? त्याही गेल्या तर मी त्या कुलपाशी काय बोलू?

तुम्ही त्याला लिहा. तुम्ही थोरल्या, तुमच्यापुढे त्याची अजून टाप नाही. लिहा की आई इथेच राहू दे. मी तळमजल्यावर जागा शोधतेय, आजच दोन ठिकाणी विचारून आले. एका ठिकाणी तर पुढे छोटं अंगणही आहे. माझ्यासाठी एवढं करा. पाया पडते.

तुमची भावजय

*

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुमचं उत्तर शनिवारी हातात पडलं. "तुझ्यावर आता हे ओझं कशाला, पोरी? तू तुझं आयुष्य बघ." मायेनेच लिहिलंय, कळतं मला. तरी किती वेळ तो कागद घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. दूध उतू गेलं. तुम्ही मला कधी इतकं गोड लिहीत नाही हो. परक्या माणसाला लिहावं तसं वाटलं.

मग ठरवलं, ताई नाही तर नाही, आपणच आईंना सगळं सांगायचं. सांगितलं असतं तर त्या हलल्याच नसत्या. मुलाला दारातून आत घेतलं नसतं. तुम्ही ओळखता त्यांना.

खोलीत गेले तर आईंनी कपाट रिकामं करून सगळं पलंगावर काढलेलं. एका बाजूला त्यांचे कपडे, दुसऱ्या बाजूला माझे. माझे! माझी शाल घडी करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझे थंडीचे कपडे वर ठेवलेत, पोचल्या पोचल्या लागतील. शेवटी अक्कल आली गं त्याला. सगळे एका काठाला राहू आता."

माझा चेहरा बघून त्यांना वाटलं मला नोकरीची चिंता आहे. "तू काय, तू उलट्या दिशेने येशील-जाशील. सकाळी सगळी गर्दी इकडून तिकडे असते, तू तिकडून इकडे. तुला रस्ता मोकळा. तूच तर मला गॅलरीत बसून शिकवलंस." ताई, गणित अगदी बिनचूक होतं.

बाहेर येऊन तुमच्या भावाला फोन केला. "मी येणार नाही हे तू आईंना सांगितलं नाहीस?" तो म्हणाला, "मला वाटलं, तू सांगितलंस." एवढंच. दोघंही ते एकमेकांवर सोडून बसलो होतो. माझ्या साहेबांत आणि आमच्यात काही फरक राहिला नाही. पलीकडचं पलीकडे बघतील.

पुन्हा आत गेले. खरंच सांगायला गेले, ताई. त्या शालीवरून हात फिरवत गुणगुणत होत्या. किती महिन्यांनी गुणगुणताना ऐकलं त्यांना. मी सांगितलं असतं तर मला त्या मिळाल्या असत्या, पण त्या अशा राहिल्या नसत्या. मग मी विचारलं, "आई, चष्म्याचं घर घेतलंत का?" तेवढंच जमलं.

काल सकाळी तो गाडी घेऊन आला. वर आला नाही. मी आईंना एकेक पायरी उतरवत खाली आणलं. त्या गुडघ्याला बजावत होत्या, "आजच्या दिवस गप बस, उद्यापासून तुला जिना नाही." मागच्या सीटवर आई पार पलीकडच्या दारापर्यंत सरकून बसल्या. तो त्यांच्याशेजारी बोचकं ठेवायला गेला तर त्याला दटावलं, "तिथे नको रे, ती कुठे बसेल?"

त्याने बोचकं पुढे ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. आईंनी सीटवर हात थोपटला. "बस ना गं. उन्हात काय उभी राहिलीस?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही व्हा पुढे. मी घर आवरून मागून येते."

"लवकर ये मग," म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत त्यांचा हात त्या सीटवर तसाच होता.

संध्याकाळी फोन वाजला. त्या घराचाच नंबर. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, तरी नाही उचलला. तोवर त्यांनी त्या बाईला पाहिलं असेल. काय म्हणाल्या असतील, जेवल्या असतील का, रात्री कोण उठून पाणी देणार, मला काही माहीत नाही. काल दिवसभर मी काही आवरलं नाही. माझे कपडे अजून त्या पलंगावर आहेत.

ताई, तुम्ही जा. हे पत्र मिळेल त्या दिवशी निघा. तुमचं यंत्र शिट्टी मारत असलं तरी घालून जा, कारण त्या हळू आवाजात विचारतील, माझ्यावर रागावल्या असतील तरी विचारतील, ती का आली नाही म्हणून. भावाला उत्तर देऊ देऊ नका. त्यांना पुलाचं कारण सांगू नका, माझ्या कामाचं सांगू नका, आता एकही खोटं नको. त्यांना सांगा की तिला यायचं होतं. फक्त त्यांच्याशिवाय तिला कोणी बोलावलं नव्हतं.

आईंची सून